चार्जर काढला ते बरं झालं

मिसिसागातल्या एका शाळेचा हॉल, गणेशोत्सवाचा शनिवार. आमच्या मंडळाची नोंदणी आणि महाप्रसादाची कुपनं तोवर वहीवर चालायची. हौसेने मी पायथनमध्ये छोटा सर्व्हर लिहिला: एका लॅपटॉपवर तो, शेजारी घरून आणलेला राउटर, आणि तिघं स्वयंसेवक आपापल्या फोनवरून नावं भरणार. इंटरनेट लागूच नये. मंडळाच्या विंडोज लॅपटॉपवर पायथन घालत बसायला नको म्हणून पायइन्स्टॉलरने सगळं एकाच ईएक्सई फाइलमध्ये बांधलं. डबल क्लिक केलं की काम सुरू. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

अकराच्या सुमारास कुणीतरी चहाची किटली लावायला आमचा चार्जर उपटला. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे पडदा काळा. पुन्हा सुरू केलं तर यादी कोरी, सकाळची 43 नावं नाहीत. वीज गेली म्हणून फाइल बिघडली असणार, असा निकाल मी परस्पर लावला आणि किटलीवाल्या काकांकडे नुसतं रोखून बघितलं. दुपारी टेबल जेवणाच्या बाजूला हलवायचं होतं. या वेळी मी अगदी नीट, कंट्रोल-सी दाबून सर्व्हर बंद केला. नव्या जागी उघडला. पुन्हा कोरी यादी. आता 180 नावं गेली होती आणि कुपनांची रांग दारापर्यंत आली होती.

दोष पायइन्स्टॉलरचा नव्हता. एकफायली ईएक्सई हे गाठोडं असतं. डबल क्लिक केलं की ते विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये एक नवं फोल्डर करून तिथे सुटतं, प्रोग्रॅम तिथून चालतो आणि बंद होताना ते फोल्डर पुसलं जातं. मी एसक्यूलाइटची फाइल ‘प्रोग्रॅमच्या शेजारी’ ठेवली होती, म्हणजे नेमकी त्याच फोल्डरात. वर शहाणपणा असा की कोरी डेटाबेस फाइलही गाठोड्यात बांधलेली, त्यामुळे दर वेळी नवी कोरी प्रत निघायची आणि एका अक्षराचीही तक्रार पडद्यावर यायची नाही. घरी तपासलं नव्हतं का? तपासलं होतं. ईएक्सई उघडली, दोन नावं भरली, ती दिसली, बंद केली. दुसऱ्यांदा उघडून बघितलीच नाही.

संध्याकाळी टेम्पमध्ये शोधलं तर असं एकच फोल्डर पडून होतं, सकाळचं. वीज अचानक गेल्यामुळे आवराआवर झालीच नव्हती, म्हणून 43 नावं जशीच्या तशी मिळाली. शिस्तीत बंद केलेली 180 कायमची गेली. काकांची मी माफी मागितली. कशाबद्दल ते त्यांना कळलं नाही.

तेव्हा तुम्ही असं काही बांधत असाल तर प्रोग्रॅम आणि माहिती यांची घरं वेगळी ठेवा. विंडोजवर माहितीची जागा वापरकर्त्याच्या ॲपडेटामधल्या लोकल फोल्डरात. प्रोग्रॅम फाइल्समध्ये नको, तिथे साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही. एकाच फाइलचा मोह शक्यतो सोडा. अख्खं फोल्डर बांधून द्या, ते लवकर उघडतं आणि अँटीव्हायरसही त्यामानाने कमी बिचकतो. सही नसलेल्या ईएक्सईला विंडोजची स्मार्टस्क्रीन बहुधा अडवते. शिवाय पहिल्यांदा सुरू करताना फायरवॉल परवानगी विचारते. घाईत कुणी ‘कॅन्सल’ दाबलं की लॅपटॉपवर सगळं ठीक दिसतं आणि फोनवर काहीच उघडत नाही. हे दोन्ही सोपस्कार आदल्या रात्री उरका.

चाचणी मात्र परक्या लॅपटॉपवर, जिथे पायथनचा वाराही लागलेला नाही. हे मी पुढच्या वर्षी पुन्हा विसरलो. न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सच्या मित्राला तोच प्रोग्रॅम हवा होता. तिथलं घड्याळ टोरांटोच्या दीड तास पुढे, भारतासारखंच अर्ध्या तासाच्या हिशेबातलं, म्हणून मी वेळक्षेत्रांची सोय घातली. माझ्या मॅकवर झकास चाललं. पायइन्स्टॉलर ज्या प्रणालीवर चालतो तिच्यासाठीच बांधतो, म्हणून ईएक्सई भाड्याच्या विंडोज मशीनवर बांधून पाठवली. त्याच्याकडे ती उघडताक्षणी मिटली. पायथनला मॅकवर वेळक्षेत्रांचा तक्ता सिस्टीमकडूनच मिळतो. विंडोजवर टीझेडडेटा हे पॅकेज वेगळं द्यावं लागतं. ते आवश्यक पॅकेजांच्या यादीत एका ओळीने वाढवलं, पुन्हा बांधलं, चाललं. ती एक ओळ सापडायला दोन रात्री लागल्या.

आता सर्व्हर सुरू झाला की काळ्या खिडकीत पहिली ओळ येते ती माहितीच्या फाइलच्या पूर्ण पत्त्याची, दुसरी आत किती नावं आहेत त्याची. किटलीवाले काका हल्ली नोंदणीच्या टेबलावर बसतात. दर तासाला त्या दोन ओळींचा फोटो काढून मला पाठवतात, मी समोरच उभा असलो तरी.