नेमसर्व्हर बदलण्याआधी

साताऱ्यातल्या औंधचं पत्र पुण्याच्या औंधला जाण्याचा धसका आमच्याकडे जुना आहे. पत्त्यात ‘ता. खटाव’ लिहायचं राहिलं आणि कुणी सवयीनं ४११००७ पिन टाकला, की पत्र पुण्यात. पण ते पत्र हाताळणारा पोस्टमन असतो, तो ते परत तरी धाडतो. संस्थेच्या डोमेनवर येणारी ईमेल भलत्याच सर्व्हरवर उतरायला लागली, तर कुणी काही कळवत नाही. हे मी जवळून पाहिलं आहे, आणि ज्या संस्था आता वेबसाइट नवी करायला निघाल्या आहेत त्यांच्यासाठी लिहितो आहे.

खेड्यात बसून लांबच्या गिऱ्हाइकाशी व्यवहार करणं या मुलखाला नवं नाही. औंध संस्थानात, कुंडलजवळ, १९१० साली संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली. तिथं तयार झालेले नांगर महाराष्ट्रभर गेले, १९२० पासून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिकही तिथूनच निघू लागलं. या साऱ्याचा पत्रव्यवहार टपालावर चालला. आज आमच्या भागातल्या शेतकरी कंपन्या आल्याचा आणि बटाट्याचा भाव ईमेलवर कळवतात. म्हणून ईमेल बंद पडणं म्हणजे दुकानाला कुलूप लागणं, असंच मी धरतो.

मी या बाजूच्या संस्थांची संगणकाची कामं बघतो. अशाच एका कंपनीनं शहरातल्या कुणाकडून नवी वेबसाइट करून घेतली. त्यानं डोमेनचे नेमसर्व्हर बदलून आपल्या होस्टिंगचे टाकले. साइट झकास उघडू लागली, सगळे खूश. पुढं मुंबईच्या एका खरेदीदाराचा फोन आला, “तुम्ही उत्तरच देत नाही, मग आम्ही माल दुसरीकडून घेतला.” हिशेब बघणाऱ्या ताई मला म्हणाल्या, “दादा, मेल आलेलाच नाही हो. इनबॉक्स रिकामा आहे.”

डोमेनच्या सगळ्या नोंदी नेमसर्व्हरवर असतात. वेबसाइट कुठं आहे ही त्यातली एक नोंद. टपाल कुठं द्यायचं हे सांगणारी एमएक्स ही वेगळी नोंद. नेमसर्व्हर बदलला की जुन्या नोंदी आपोआप नव्या घरी येत नाहीत, त्या हातानं भराव्या लागतात. इथं एमएक्स भरलीच नव्हती. एमएक्स नसेल तर पाठवणारा सर्व्हर वेबसाइटच्याच पत्त्यावर टपाल द्यायला जातो, तसा नियमच आहे. त्या होस्टिंगनं ते घेतलंही, आणि कुणी कधी न उघडलेल्या एका डीफॉल्ट पेटीत टाकून दिलं. त्यामुळं पाठवणाऱ्याला परतीचा निरोप गेला नाही. त्या पेटीत खरेदीदारांची पत्रं ओळीनं पडलेली होती. वेबसाइटच्या सर्व्हरनं काही उत्तरच दिलं नसतं, तरीही निरोप लगेच गेला नसता, कारण पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि मगच हार मानतो.

जाणारं टपालही अडलं होतं. जीमेलकडून ५५० ५.७.२६ असा आकडा असलेले निरोप परत येत होते आणि ताई ते जाहिरात समजून पुसत होत्या. परत आलेला मेल कधी पुसू नका. त्यातला तो आकडाच रोगाचं नाव सांगतो. हा आकडा म्हणजे ‘पाठवणारा खरा आहे हे पटत नाही’. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एक लागतं. दिवसाला पाच हजारांवर मेल जीमेलला पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि वर डीमार्कसुद्धा. एसपीएफची ओळ सांगते की आमच्या नावानं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची सही, आणि या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं हे डीमार्क सांगतं. एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी जुन्या नेमसर्व्हरवरच राहिल्या होत्या.

दुरुस्ती करतानाच पुढची अडचण निघाली. होस्टिंगनं स्वतःची एक एसपीएफ ओळ आधीच टाकून ठेवली होती, त्यात संस्थेला मेल सेवा देणाऱ्या कंपनीची दुसरी पडली. एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ चालते. दोन असल्या की तपासणारा सर्व्हर दोन्ही बाद धरतो. दोन्हींचे भाग एका ओळीत जोडायचे, आणि त्या ओळीनं दहापेक्षा जास्त ठिकाणी चौकशीला पाठवता कामा नये, हीही मर्यादा आहे.

सगळ्यात चिवट निघाला तो वेबसाइटवरचा चौकशी फॉर्म. एमएक्स भरल्यावर बाहेरचे मेल येऊ लागले तरी फॉर्मवरची चौकशी येईना. होस्टिंगला अजून वाटत होतं की या डोमेनचं टपाल आपल्याकडेच आहे, म्हणून एमएक्स न बघता ते त्याच बंद पेटीत टाकत होतं. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ईमेल राउटिंग ‘लोकल’वरून ‘रिमोट’ केलं आणि पुढच्याच चौकशीपासून मेल येऊ लागला. ही जागा बहुतेकजण तपासत नाहीत.

तुमच्यावर ही वेळ येण्याआधीच, नेमसर्व्हरला हात लावण्यापूर्वी, जुन्या पॅनेलमधल्या सगळ्या नोंदी उतरवून घ्या, स्क्रीनचा फोटोसुद्धा चालेल. जुन्या नोंदींचा टीटीएल, म्हणजे इतर सर्व्हर नोंद किती वेळ लक्षात ठेवतात तो काळ, एक-दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. नेमसर्व्हरचा बदल सगळीकडे पोचायला मात्र डॉट कॉमला दोन दिवसही लागू शकतात, तोवर जुन्या नेमसर्व्हरवरच्या नोंदी काढू नका. नव्या ठिकाणी नोंदी आधी भरा, मग बदल करा. नंतर एका जीमेल खात्यावर मेल पाठवा आणि तिथं मूळ संदेश दाखवणारा पर्याय (‘शो ओरिजिनल’) उघडा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्हींपुढं ‘पास’ दिसलं पाहिजे. डीमार्क नव्यानं लावत असाल तर सुरुवातीला नुसते अहवाल मागणारं धोरण ठेवा. लगेच ‘रिजेक्ट’ लावलंत तर स्वतःचीच बिलं अडतील.

आणि डोमेनचं खातं संस्थेच्या नावावर हवं, वेबसाइट करणाऱ्याच्या नाही. त्या खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनचा नको. डोमेन बिघडलं की पासवर्ड बदलायचा मेलही त्याच बिघाडात अडकतो. आजच अध्यक्षांना किंवा सचिवांना विचारा की खातं कुणाच्या नावावर आहे. उत्तर पटकन मिळालं नाही, तर वेबसाइटचं काम थांबवा आणि आधी ते सोडवा.