दह्याविना भाजलेली कोंबडी, अननसाच्या पाकात

तंदुरी कोंबडी दह्यात मुरवतात आणि भाजून झाली की वरून लोणी लावतात. आपल्याला दोन्ही वर्ज्य. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरात तीनदा आली आहे. कोंबडीला ती पुढे रब्बींनी लागू केली. म्हणून कोकणातल्या आपल्या घरांत मांसाला नारळाचा रस लागतो आणि आंबटपणासाठी चिंच किंवा कोकम. टॅम्पिनीसला राहून यातले काहीच सोडावे लागत नाही. राउंड मार्केटात नारळ, चिंच, अननस सगळे मिळते. गुळाच्या जागी गुला मलाका चालतो. मला तर या पाकात तोच अधिक आवडतो.

कोशेर दुकानातली गोठवलेली कोंबडी आधीच भिजवून, मीठ लावून, धुतलेली असते. पूर्वी हे काम घरी होई : अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात, मग तीनदा धुणे. तेव्हा मसाल्यात मीठ हात राखूनच घाला. कलेजीला मात्र मीठ पुरत नाही, तिचे रक्त आचेवर भाजूनच निघते. निखाऱ्यावर भाजणे आपल्या घरांना नवे नाही ते यामुळे.

एक किलो तंगड्यांना चिरा द्या. आले, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर वाटून हळद आणि चार चमचे दाट नारळाचा रस मिसळा. दोन तास मुरवा.

पाकासाठी अर्धा पिकलेला अननस बारीक चिरून पंधरा मिनिटे शिजवा. कच्चा रस कोंबडीला लावून ठेवू नका : त्यातले ब्रोमेलेन मांस तोडते आणि तासाभरात त्याचा लगदा होतो. शिजवले की त्याचा जोर जातो. मग दोन चमचे चिंचेचा कोळ, तीन चमचे गुला मलाका, दोन चमचे तिखट आणि थोडे जिरे घालून आटवा. चमच्याच्या पाठीला चिकटला की उतरवा. निम्मा पाक पानात वाढायला वेगळा काढा. कच्च्या कोंबडीला लागलेला ब्रश त्यात बुडवायचा नाही.

कोंबडी मध्यम निखाऱ्यावर पंचवीसेक मिनिटे उलटसुलट भाजा. पाक लावायचा तो शेवटच्या सात-आठ मिनिटांत. साखर आधी लावली तर बाहेरून कोळसा, आत कच्चे. हाडाजवळ ७४ अंश सेल्सिअस झाले पाहिजे.

ईस्ट कोस्ट पार्कच्या सार्वजनिक चुलीवर जाणार असाल तर तिथली जाळी कोणी कशासाठी वापरली ते कळत नाही. तिच्यावर जाड फॉइलचे दोन थर, वर घरची जाळी, चिमटाही घरचाच. शंका राहिली तर रब्बींना आधी विचारा. आणि बेत रविवारचा करा. शब्बाथला विस्तव पेटवत नाहीत. आपल्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ हे नाव शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळेच पडले.

आता बेराखाचे. कोंबडी मुख्य, पाक तिच्यासाठी, म्हणून एकच ‘शेहाकोल’. नुसत्या अननसाच्या फोडीवर मात्र ‘हाअदामा’, कारण तो झाडाला नव्हे, जमिनीतल्या रोपाला लागतो. मलिदाच्या ताटातले केळे आठवा, तेही याच वर्गातले. खजूर ‘हाएत्स’चा.

पुढच्या वर्गाला येताना घरी आजी-आजोबांना विचारून वहीत लिहून आणा : मुरवणे आणि भिजवणे, खरपूस आणि करपलेले, कोळ आणि रस यांत फरक काय? प्रत्येक शब्दाचे एक वाक्य, स्वयंपाकघरातलेच.