हॅलोवीनची ब्राउनी : काळ्या-नारिंगी खाऊचे रसायन

३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अमेरिकेतील घरांच्या पायऱ्यांवर कोरलेले भोपळे मांडलेले दिसतात. भोपळ्याला डोळे, नाक, वाकडे दात आणि पोटात दिवा! भुताखेतांची सोंगे घेतलेली मुले दारोदार फिरून खाऊ मागतात. हा हॅलोवीनचा सण. त्याचे मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडचे. तिकडे पूर्वी भोपळा नव्हे, तर सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले. तेथे त्यांना सलगमापेक्षा कोरायला कितीतरी सोपा असा भोपळा मिळाला आणि सणाला त्याचा नारिंगी रंग चिकटला. रात्रीचा काळा आणि भोपळ्याचा नारिंगी हे हॅलोवीनचे दोन रंग. त्या दिवशीच्या खाऊतही हेच रंग लागतात. काळ्यासाठी ब्राउनीसारखा सोयीचा पदार्थ नाही. नारिंगीची गोष्ट मात्र तितकी सोपी नाही. १९५० साली तिने अनेक मुलांना आजारी पाडले होते. तिच्याकडे आपण मागाहून येऊ.

ब्राउनी अमेरिकेचीच. १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या फॅनी फार्मर यांच्या पाकपुस्तकात ‘ब्राउनी’ हे नाव आढळते; पण त्या ब्राउनीत चॉकलेट नाही, काकवीसारखा मोलॅसिस आहे! चॉकलेटची ब्राउनी त्याच पुस्तकाच्या १९०६ च्या आवृत्तीत आली. केक आणि ब्राउनी यांचे साहित्य जवळजवळ सारखेच असते. मग केक हलका, जाळीदार आणि ब्राउनी दाट, ओलसर, दाताला किंचित चिकटणारी असे का होते? उत्तर प्रमाणात आहे. म्हणून आधी प्रमाण लिहून घ्या.

गडद चॉकलेट १२० ग्रॅम, लोणी ११५ ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, मध्यम आकाराची दोन अंडी, मैदा ६५ ग्रॅम, कोको पावडर २० ग्रॅम आणि चिमूटभर मीठ (बाजारचे खारे लोणी वापरल्यास मीठ नको). सोडा नाही, बेकिंग पावडरही नाही. २० सेंटिमीटर बाजूचा चौकोनी डबा आणि १७५ अंश सेल्सिअसला तापलेली भट्टी. वेळ साधारण २५ मिनिटे.

आता हिशोब करा. या मिश्रणात पाणी किती? तुम्ही म्हणाल, पाणी घातलेच कुठे? पण अंड्याच्या बलकात आणि पांढऱ्यात मिळून सुमारे तीन-चतुर्थांश पाणीच असते. कवच काढल्यावर दोन अंड्यांचे वजन १०० ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे त्यांतून ७५ ग्रॅम पाणी आले. बाजारच्या लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते. तेथून १८ ग्रॅम मिळाले. एकूण ९३ ग्रॅम. नेहमीच्या तपमानाला १०० ग्रॅम पाण्यात जास्तीत जास्त २०० ग्रॅमच्या आसपास साखर विरघळते. म्हणजे आपल्या ९३ ग्रॅम पाण्याला २०० ग्रॅम साखर पेलवतच नाही! शिवाय सगळे पाणी साखरेच्या वाट्याला येते असेही नाही. मैदा आणि कोकोही आपापला वाटा मागतात. ब्राउनीचे कालवण म्हणजे जवळजवळ संपृक्त असा साखरेचा पाक असून त्यात बाकीचे जिन्नस तरंगत असतात, असे म्हटले तरी चालेल.

या एका गोष्टीतून पुढच्या बऱ्याच गोष्टी निघतात. मैद्यातील प्रथिनांना पाणी मिळाले आणि त्यांना मळले, की ग्लुटेनचे चिवट जाळे तयार होते. पोळीची कणीक ताणली जाते ती या जाळ्यामुळे. ब्राउनीत पाणी साखरेने अडवून ठेवलेले आणि मैद्याच्या कणांवर लोण्याचा लेप बसलेला. त्यामुळे जाळे विणलेच जात नाही. म्हणून मैदा सगळ्यात शेवटी घालायचा आणि पांढरे दिसेनासे होताच हात थांबवायचा. गव्हातील स्टार्च एरवी ६० अंशांच्या पुढे पाणी पिऊन फुगू लागतो; साखरेच्या गर्दीत त्याला त्याहून बरेच अधिक तपमान लागते. अंड्यातील प्रथिनेही साखरेमुळे उशिरा साकळतात. थोडक्यात, केकचा सांगाडा उभा करणारे तिघेही येथे अर्धवट काम करतात, आणि नेमके तेच आपल्याला हवे असते.

कृतीचा क्रमही याच तर्काने ठरतो. चॉकलेट आणि लोणी एका भांड्यात घेऊन ते भांडे गरम पाण्याच्या पातेल्यावर धरा व वितळवा. ते कोमट झाले की अंडी आणि साखर घालून चार-पाच मिनिटे चांगले घोटा. साखर जितकी जास्त विरघळेल, तितका ब्राउनीच्या माथ्यावर कागदासारखा पातळ, चकाकणारा पापुद्रा येईल. पृष्ठभागावरचा पाक सुकून तो तयार होतो. जाड साखर असल्यास आधी मिक्सरमधून फिरवून घ्या. मग मैदा आणि कोको चाळून घाला, हलकेच मिसळा आणि लोणी लावलेल्या डब्यात ओता. भट्टीत डबा ठेवण्याचे आणि काढण्याचे काम घरातील मोठ्या माणसाकडे द्या.

ब्राउनी झाली हे कसे ओळखावे? केकमध्ये खुपसलेली काडी कोरडी निघाली पाहिजे. ब्राउनीत मात्र कोरड्या काडीची वाट पाहिलीत तर हाती वीट येईल! काडीला ओलसर चुरा चिकटून यावा, पातळ कालवण मात्र ओघळू नये. डबा बाहेर काढल्यावरही आतली उष्णता काही काळ काम करीत असते.

कोणी विचारील, सोडा का नाही? खाण्याचा सोडा आम्लाशी संयोग पावून कर्बद्विप्राणिद वायू (कार्बन डाय-ऑक्साइड) देतो आणि पदार्थ फुगतो. आपल्याला फुगवायचेच नाही. पण सोड्याचा संबंध रंगाशी मात्र आहे. साधी कोको पावडर आम्लधर्मी असते. तिचा सामू साडेपाचच्या आसपास असतो आणि रंग तांबूस तपकिरी. हॉलंडमधील व्हान हाउटेन यांच्या नावावर १८२८ साली कोकोतील चरबी दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट आहे, आणि कोकोवर अल्कलीची प्रक्रिया करण्याची रीतही त्यांचीच. अशा ‘डच’ कोकोचा सामू ७ ते ८ पर्यंत जातो, कडवटपणा कमी होतो आणि रंग गडद होतो. हॅलोवीनसाठी काळीकुट्ट ब्राउनी हवी असेल तर हा कोको घ्यावा.

आता सजावट. थंड झालेल्या ब्राउनीवर चॉकलेटचा मऊ थर देऊन त्यावर कोळ्याचे जाळे काढू. १०० ग्रॅम गडद चॉकलेटचे बारीक तुकडे करा, त्यावर १०० ग्रॅम कढत साय (क्रीम) ओता, दोन मिनिटांनी ढवळा. डब्याचे क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर. तेव्हा थर सुमारे अर्धा सेंटिमीटर जाडीचा होईल.

येथे एक चमत्कारिक गोष्ट आहे, तिच्याकडे लक्ष द्या. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब पडले, तर ते क्षणात घट्ट, रवाळ होऊन बसते आणि वाया गेले असे वाटते. पण सायीत तर अर्ध्याहून अधिक पाणी! मग तिने चॉकलेट का बिघडत नाही? वितळलेले चॉकलेट म्हणजे कोकोच्या चरबीत तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण. थोडे पाणी पडले की साखरेचे कण फक्त वरून ओले होतात आणि दमट हवेतल्या पिठीसाखरेसारखे एकमेकांना चिकटतात. पाणी भरपूर असेल तर साखर त्यात विरघळूनच जाते आणि चरबीचे सूक्ष्म थेंब पाण्यात पसरून छान पायस तयार होते. थोडे पाणी शत्रू, पुष्कळ पाणी मित्र! म्हणून बिघडलेल्या चॉकलेटात आणखी चमचाभर-दोन चमचे कढत पाणी घालून घोटले, तर ते लेप देण्याइतके तरी सुधारते. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा.

थर ओला असतानाच, ५० ग्रॅम पांढरे चॉकलेट वितळवून कागदाच्या कोनातून त्यावर एकात एक अशी वर्तुळे काढा. मग दात कोरायची काडी मधल्या बिंदूपासून बाहेरच्या कडेकडे ओढा. अशा आठ रेघा ओढल्या की जाळे तयार. दोन्ही रंग इतके दाट असतात की ते एकमेकांत मिसळत नाहीत, फक्त काडीबरोबर ओढले जातात. उलट दिशेने ओढून पाहा, जाळ्याऐवजी फूल दिसू लागेल.

राहिला नारिंगी. १९५० च्या शरद ऋतूत अमेरिकेत हॅलोवीनची नारिंगी मिठाई खाऊन अनेक मुले आजारी पडली. मिठाईत ‘ऑरेंज नंबर १’ हा कोळशाच्या डांबरापासून बनणारा रंग होता, आणि तो काही चोरून घातलेला नव्हता. १९०७ पासून सरकारमान्य असलेल्या पहिल्या सात रंगांपैकी तो एक होता. प्रमाण मात्र १ ते २ टक्के, म्हणजे किलोमागे १० ते २० ग्रॅम होते. तुलनेसाठी सांगतो, भारताच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत कृत्रिम रंगांसाठी बहुतेक पदार्थांना किलोमागे १०० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली होती. म्हणजे त्या मिठाईत तिच्या शंभर ते दोनशे पट रंग होता! यानंतर जुन्या मान्य रंगांची नव्याने तपासणी झाली, १९५०-६० या दशकाच्या मध्यास ‘ऑरेंज नंबर १’ यादीतून गेला, आणि १९६० च्या कायद्याने रंग निर्धोक असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकावर आली.

तेव्हा आपण भोपळ्याचाच रंग घेऊ. भोपळा आणि गाजर यांना नारिंगी करणारे द्रव्य कॅरोटीन. ते पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळते. पाण्यातले रंग चॉकलेटला चालत नाहीत हे आता तुम्ही जाणताच. म्हणून कॅरोटीन अगदी सोयीचे. एक गाजर किसून पिळून घ्या आणि तीन चमचे तुपात मंद आचेवर ठेवा. आधी बुडबुडे येतील. लोणी कढवताना कढ थांबला की आई गॅस बंद करते ना? तीच खूण येथे. बुडबुडे थांबले म्हणजे पाणी संपले. तूप कोरड्या फडक्यातून गाळा. ते नारिंगी झालेले दिसेल. त्यातले अर्धा चमचा तूप ५० ग्रॅम वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटात मिसळा, लोणी लावलेल्या कागदावर लहान लहान भोपळे ओता आणि थंड करा. जास्त तूप घातल्यास भोपळे बोटांनाच लागतील. हळदीचा रंगही चरबीत उतरतो आणि सोड्याने लाल होतो, कुंकवासारखा. पण तिची चव लपत नाही, म्हणून तो मार्ग मी सुचवणार नाही.

सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, ५ सेंटिमीटरचे १६ तुकडे करा. त्यांपैकी दोन तुकडे थर न देताच प्रयोगासाठी बाजूला काढा. एक घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेर ठेवा, दुसरा तशाच डब्यात फ्रीजमध्ये. दोन दिवसांनी फ्रीजमधला बाहेर काढून दोन-तीन तास तसाच राहू द्या, म्हणजे त्यातली चरबी पुन्हा मऊ होईल. मग दोन्ही चाखा. फुगलेला स्टार्च थंडीत अधिक लवकर पुन्हा स्फटिकरूप होतो आणि पदार्थ शिळा लागतो. पाव फ्रीजमध्ये ठेवल्यावर हा फरक चटकन कळतो. ब्राउनीत स्टार्च मुळातच थोडा आणि अर्धवट फुगलेला. तुमच्या जिभेला फरक कळतो का?