मिक्सर टेबलावर चढवण्याआधी

लिसनला, म्हणजे मिक्सरला वीज देत त्याचा गोंगाट रिसीव्हरकडे काढून देणाऱ्या डब्याला, आधी अर्थ, मग वीज. कंडक्टेड टेस्टच्या टेबलाशी पाऊल ठेवलंस की पहिली नजर त्याच्या अर्थच्या जाड पट्टीवर टाक. लिसनच्या पोटातल्या कपॅसिटरमधून अर्थला सहज अर्धा अँपिअर करंट वाहत असतो. पट्टी सुटलेली असेल तर त्या डब्याचाच झटका बसतो, आणि अर्थ लावून सरळ भिंतीतल्या सॉकेटवर जोडलास तर ईएलसीबी ट्रिप होतो. म्हणून मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. रिसीव्हरची केबल मात्र सगळ्यात शेवटी, मिक्सर सुरू झाल्यावर जोडायची आणि बंद करण्याआधी काढायची. चालू-बंद करतानाच्या एका झटक्यात रिसीव्हरचं तोंड जळतं. लिमिटर लावलास तर त्याचे 10 डीबी हिशेबात धरायला विसरू नकोस. आम्ही एकदा विसरलो होतो आणि पास झालो म्हणून पेढेही वाटले होते.

मिक्सरचा खरा उपद्रव कार्बन ब्रशपाशी. नवा ब्रश कम्युटेटरवर नीट बसलेला नसतो, ठिणग्या जास्त उडतात. कोरी मोटर थेट टेस्टला नेऊ नकोस, आधी चालवून ब्रश बसू दे. भांडं रिकामं ठेवायचं की भरलेलं, हे आपल्या मनावर नाही. सिस्पर 14-1 या मानकात दिलंय, ते वाच. उरलेली वायर टेबलाखाली लोंबू देऊ नकोस, तिची 30-40 सेंटीमीटरची घडी घाल. वायर हलली की रीडिंग हलतं, मग काल पास झालेला मिक्सर आज नापास का, म्हणून डोकं धरून बसशील.

आता फिल्टर. एका कारखान्याचा मिक्सर तीनदा नापास होऊन आला होता. दर खेपेला चोक मोठा, एक्स कपॅसिटर मोठा, खर्च वाढलेला आणि आलेख जिथल्या तिथे. तळाचं झाकण काढलं, तर आत सुबक काम: मेन्सच्या तारा आणि मोटरकडे जाणाऱ्या तारा एकाच झिप टायमध्ये आवळलेल्या. गोंगाट फिल्टरला वळसा घालून तारेवरून तारेवर उडी मारत होता. टाय कापला, दोन्ही जोड्या पेटीच्या दोन बाजूंना नेल्या, आणि रेष लिमिटखाली गेली. पैसा एक लागला नाही. कारागिराला मात्र ते काम गचाळ वाटलं, त्यात त्याची चूक नाही.

वाय कपॅसिटर वाढवायचा मोह होईल. तेवढं आवर. आपल्याकडे कितीतरी घरांत तीन पिनांच्या सॉकेटला अर्थ नावापुरताच असतो. तिथे त्या कपॅसिटरच्या गळतीमुळे धातूच्या बॉडीला हात लागला की मुंग्या येतात, आणि त्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला येतात, तुला नाही. एक्स कपॅसिटरला समांतर रेझिस्टरही हवाच, नाहीतर उपटलेल्या पिनेला हात लागला तर चटका बसतो.

लॅबचं भाडं तासावर असतं, म्हणून निघण्याआधी मीडियम वेव्हचा जुना रेडिओ शेजारी धर. पुण्यात आकाशवाणी 792 किलोहर्ट्झवर लागते. मिक्सर सुरू करून खरखर ऐक, फेरबदल केल्यावर पुन्हा ऐक. याने पास-नापास ठरत नाही, पण बदल बरा की वाईट ते कळतं. 1934 साली सिस्पर ही संस्था स्थापन झाली तीही रेडिओ ऐकणाऱ्यांच्या याच तक्रारींमुळे. क्वासी-पीक मोजमापही कानाला किती त्रास होतो त्यावरूनच बेतलेलं. ते संथ असतं. आधी पीकवर पूर्ण पट्टा बघ, मग वर आलेल्या चार-सहा ठिकाणीच क्वासी-पीक लाव.

मिक्सरऐवजी टच बटणांची इंडक्शन शेगडी असेल तर तिला स्थिर विजेचा झटका देताना हवेची आर्द्रता लिहून ठेव. मानकात 30 ते 60 टक्के म्हटलंय. मुंबईत जुलैत उघड्या खिडकीशी 8 केव्हीचा एअर डिस्चार्ज देऊन पास झालेली शेगडी जानेवारीत गारठ्यात हँग होते.

आणि काठावर पास झालास तर खूश होऊ नकोस, चार-सहा डीबी हातात ठेव. पुढच्या लॉटमध्ये खरेदीवाले ब्रशचा पुरवठादार बदलणारच, आणि तुला कोणी सांगणार नाही.

अडलास तर रात्रीसुद्धा फोन कर. त्याआधी तळाचं झाकण काढून आतल्या तारांचा फोटो पाठव.