बॅटरी नवी, तरी सेल्फ मंद

प्रश्न : माझ्या जुन्या डिझेल जीपला नवी बॅटरी टाकली, तरी सकाळी सेल्फ जेमतेम फिरतो. टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर साचतो. वायरी बदलू का?

उत्तर : बदला, पण आधी दोषी वायर शोधा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं सेल्फच्या बोल्टवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर ती वायर गेली. मग बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन यांच्यातही तसंच मोजा. जुन्या गाडीत माझा पहिला संशय अर्थिंगवरच असतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असल्याने करंटला परतायला अर्थिंगची पट्टी लागते, आणि लोक लाल वायर बदलून हिला विसरतात! पट्टीखालचा रंग, गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा.

वायर तांब्याचीच, मूळ जाडीची किंवा जास्त जाड घ्या. थिंबल मोठ्या प्रेसने दाबून घ्या, हातोडीने ठोकलेलं कालांतराने तापतं. वायर कापून नुसत्या बोल्टने आवळायचं टर्मिनल टाळा.

काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना शेवटी. थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण बॅटरीची झाकणं घट्ट लावून. हा थर आम्लयुक्त असतो, डोळ्यांना चष्मा हवाच. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा.