मोठा पडदा आणि काळा रंग

भारतात दूरचित्रवाणीचे पहिले प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथून झाले आणि १९८२ साली, एशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, पडद्यावर रंग अवतरले. त्या काळातील घरगुती संचाचा पडदा मोठा म्हटला तरी वीस-एकवीस इंचांचा असे. सारे कुटुंब, आणि पुष्कळदा शेजारीपाजारीही, त्याच्यासमोर दाटीवाटीने बसत. आता ५५ किंवा ६५ इंचांचा पडदा मध्यमवर्गीय घरांतही दिसू लागला आहे. पडद्याचे माप त्याच्या कर्णावरून सांगण्याची प्रथा असल्यामुळे ही वाढ केवढी आहे हे चटकन ध्यानात येत नाही. कर्ण दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते. ५५ ऐवजी ६५ इंचांचा पडदा घेतला तर कर्ण दहाच इंचांनी वाढतो. क्षेत्रफळ मात्र सुमारे ४० टक्क्यांनी वाढते.

एवढे मोठे क्षेत्र प्रकाशाने भरण्याचे अनेक मार्ग गेल्या अर्धशतकात शोधले गेले. त्यांची नावे बहुधा इंग्रजी आद्याक्षरांची असल्यामुळे ग्राहक गोंधळून जातो. वास्तविक या सर्व पद्धतींना एकच प्रश्न विचारला असता त्यांचे गुणदोष उलगडू लागतात. चित्रातील जी जागा काळी दिसावयास हवी, तेथे हा संच नेमके काय करतो? पांढरा रंग दाखविण्यासाठी प्रकाश वाढविला की पुरते. काळा रंग म्हणजे प्रकाशाचा अभाव, आणि एकदा निर्माण केलेला प्रकाश पूर्णपणे अडवून धरणे हे तो निर्माण करण्यापेक्षा पुष्कळदा अवघड असते.

काचेची नलिका आणि तिची मर्यादा

जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राऊन यांनी १८९७ साली तयार केलेली ऋणकिरण नलिका ही जुन्या दूरचित्रवाणी संचाची जननी होय. या नलिकेत इलेक्ट्रॉनांचा एक बारीक झोत काचेच्या आतील बाजूवर ओळीमागून ओळ फिरतो. तेथे फॉस्फर नावाच्या द्रव्यांचा लेप असतो आणि इलेक्ट्रॉन आदळताच तो प्रकाशतो. काळ्या जागी झोत बंद केला जातो, म्हणून तेथे प्रकाश निर्माणच होत नाही. चित्राच्या दृष्टीने ही पद्धत फार चांगली होती.

तिचा दोष वजनात होता. झोत फिरण्यासाठी नलिका निर्वात असावी लागते आणि निर्वात पात्रावर बाहेरील हवेचा दाब पडतो. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम असतो. चाळीस इंची पडद्याचे क्षेत्रफळ पाच हजार चौरस सेंटिमीटरांच्या जवळपास भरते. म्हणजे त्याच्या केवळ दर्शनी काचेवर पाच टनांचा भार येतो. तो पेलण्यासाठी काच जाड करावी लागे. सोनी कंपनीने १९८९ साली जपानमध्ये ४३ इंची नलिकेचा संच विक्रीस आणला, त्याचे वजन सुमारे २०० किलोग्रॅम होते. या मार्गाने याहून फार पुढे जाणे शक्य नव्हते.

प्रक्षेपणाचा मार्ग

मोठे चित्र हवे असेल तर मोठी नलिका कशाला? लहान चित्र तयार करून ते भिंगाने मोठे करावे, हा विचार स्वाभाविक होता. त्यातून पश्चप्रक्षेपण संच निघाले. मोठ्या पेटीत तीन लहान, तेजस्वी नलिका असत आणि त्यांचे लाल, हिरवे व निळे चित्र आरशाच्या साहाय्याने पडद्याच्या मागील बाजूवर पडे. पुढे अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली अंकीय सूक्ष्मदर्पणाचा शोध लावला. नखाएवढ्या चकतीवर केसाच्या जाडीपेक्षाही लहान असे लाखो आरसे असतात आणि प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा कलू शकतो. एका बाजूस कलला की प्रकाश भिंगाकडे जातो, दुसऱ्या बाजूस कलला की बाजूला टाकला जातो. करडी छटा हवी असल्यास आरसा काही काळ इकडे व काही काळ तिकडे राहतो. तथापि बाजूला टाकलेल्या प्रकाशाचा थोडा अंश पेटीत विखुरतोच, आणि काळा रंग काहीसा राखाडी होतो. शिवाय संचाच्या समोरून थोडे बाजूला सरकले की चित्र मंदावे आणि काही हजार तासांनी दिवाही बदलावा लागे. सपाट पडदे स्वस्त झाल्यावर हे संच मागे पडले. मित्सुबिशी कंपनीने २०१२ च्या अखेरीस त्यांचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय घेतला आणि ते युग संपले.

समोरून चित्र टाकणारा प्रक्षेपक मात्र टिकून आहे. १०० इंचांहून मोठे चित्र मिळविण्याचा तो अजूनही तुलनेने स्वस्त मार्ग आहे. त्याची अडचण वेगळी आहे. त्याचा पडदा पांढरा असतो, आणि पांढऱ्या पडद्यावर काळा रंग कोणत्याही यंत्राने टाकता येत नाही. प्रक्षेपकाचा काळा रंग म्हणजे प्रकाश न पडलेला पांढरा पडदा. खोलीत दिवा लागला की तो पुन्हा पांढरा दिसू लागतो.

वायूचे सूक्ष्म दिवे

प्लाझ्मा पडद्याचा जन्म दूरचित्रवाणीसाठी झालेला नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात संगणकाद्वारे शिक्षण देणारी प्लेटो ही योजना चालू होती. तिच्यासाठी डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ साली हा पडदा तयार केला. निऑन वायूमुळे त्याची अक्षरे नारिंगी दिसत. पुढील रंगीत पडद्यात दोन काचांमध्ये लाखो सूक्ष्म कोष्ठे असत. त्यांतील निऑन व झेनॉन वायूंच्या मिश्रणातून विद्युत्प्रवाह गेला की जंबुपार किरण निघत आणि कोष्ठाच्या भिंतींवरील फॉस्फर उजळे. रस्त्यावरील ट्यूबलाइटचेच हे अतिसूक्ष्म रूप होय. १९९७ च्या सुमारास ४२ इंची रंगीत प्लाझ्मा पडदे बाजारात आले, आणि भिंतीवर टांगता येण्याजोगा मोठा संच प्रथमच प्रत्यक्षात उतरला.

प्रत्येक कोष्ठ स्वतःचा प्रकाश स्वतः निर्माण करीत असल्यामुळे काळा रंग सखोल असे, आणि बाजूने पाहिले तरी चित्र बिघडत नसे. पायोनियर कंपनीने २००७ साली आपल्या प्लाझ्मा संचांना कुरो हे नाव दिले. जपानी भाषेत त्याचा अर्थच ‘काळा’ असा आहे. जाणकारांनी त्यांची मनापासून प्रशंसा केली. तरीही २००९ साली पायोनियरने दूरचित्रवाणी संचांच्या व्यवसायातून बाहेर पडण्याचे जाहीर केले. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्माचे उत्पादन बंद केले आणि २०१४ मध्ये इतर मोठ्या उत्पादकांनीही तोच मार्ग धरला.

गुणी असूनही ही पद्धत का हरली? तिला वीज अधिक लागे. चित्रबिंदू जसजसे लहान करावेत तसतशी तिची कार्यक्षमता घटे. याखेरीज आणखी एक कारण होते. दुकानातील लख्ख उजेडात प्लाझ्माचा पडदा मंद दिसे, तर शेजारचा द्रवस्फटिकाचा पडदा झगझगीत दिसे. ग्राहक दुकानातील उजेडात निवड करी आणि संच पाही तो घरातील मंद उजेडात. अंधाऱ्या खोलीत दिसणारा गुण दुकानात सिद्ध करता येत नसे.

द्रवस्फटिकाची झडप

फ्रीड्रिख रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञास १८८८ साली प्राग येथे एक चमत्कारिक पदार्थ आढळला. गाजरापासून मिळविलेल्या कोलेस्टेरॉलचे ते संयुग प्रथम वितळून गढूळ द्रव होई आणि अधिक तापविल्यावर स्वच्छ होई. या मधल्या अवस्थेस द्रवस्फटिक हे नाव पडले. तिच्यातील रेणू द्रवाप्रमाणे वाहतात, पण स्फटिकाप्रमाणे एका दिशेने ओळीत राहतात. विद्युद्दाब दिला की ही दिशा बदलते, आणि आरपार जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशावर तिचा परिणाम होतो. दोन ध्रुवक पटलांमध्ये असा थर ठेवला की प्रत्येक चित्रबिंदूसाठी प्रकाशाची एक झडप तयार होते.

या शास्त्रात भारताचाही वाटा आहे. बेंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली तबकडीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले. तोवर काडीसारख्या लांबट रेणूंचेच द्रवस्फटिक माहीत होते. पुढे तबकडीसारख्या रेणूंचा थर दिलेली पातळ पटले एलसीडी पडद्यांवर बसविण्यात आली आणि बाजूने पाहताना चित्र बिघडण्याचा दोष त्यामुळे कमी झाला.

द्रवस्फटिक स्वतः प्रकाशत नाही. त्याच्या पाठीमागे दिवा सतत तेवत असतो आणि झडपा त्याचा प्रकाश कमी-अधिक अडवितात. कोणतीही झडप पूर्णपणे बंद होत नाही. म्हणून रात्रीच्या दृश्यात पडद्यावर राखाडी धुके पसरल्यासारखे वाटते. आयपीएस रचनेच्या पडद्यात उजळ व काळ्या जागेच्या तेजाचे गुणोत्तर सुमारे हजारास एक असते. बाजूने पाहताना मात्र तो चांगला दिसतो. व्हीए रचनेत हेच गुणोत्तर तीन ते पाच हजारांपर्यंत जाते, पण बाजूने पाहताना रंग फिके पडतात.

येथे नावाचा एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. ‘एलईडी टीव्ही’ म्हणून विकला जाणारा संच बहुधा एलसीडीच असतो. केवळ त्याच्या पाठीमागील दिवा एलईडीचा असतो. हे दिवे विभागाविभागाने मंद करता आले तर काळा रंग पुष्कळ सुधारतो. नव्या संचांत असे शेकडो किंवा हजारो विभाग असतात. तरीही विभागांची संख्या चित्रबिंदूंपेक्षा फारच थोडी असते. काळ्या आकाशात एकच चांदणी दाखवायची झाली तर तिच्या मागचा संपूर्ण विभाग उजळावा लागतो आणि तिच्याभोवती प्रभावळ दिसते.

स्वयंप्रकाशी बिंदू

कोडॅक कंपनीतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली असे दाखवून दिले की कार्बनी संयुगांच्या अत्यंत पातळ थरांतून विद्युत्प्रवाह सोडल्यास ते कमी दाबावरही चांगला प्रकाश देतात. हाच ओएलईडीचा पाया होय. २००७ साली सोनीने ११ इंची आणि २०१३ साली एलजीने ५५ इंची असा संच विक्रीस आणला. येथे पाठीमागे दिवा नसतो. प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो व स्वतः विझतो, त्यामुळे चांदणीभोवती प्रभावळ येत नाही. मात्र कार्बनी द्रव्ये वापराने हळूहळू क्षीण होतात. एकाच वाहिनीचे बोधचिन्ह किंवा वृत्तपट्टी रोज तासन् तास त्याच जागी राहिल्यास तिचा कायमचा ठसा उमटण्याचा संभव असतो. संपूर्ण पडदा पांढरा असताना त्याचे तेजही चांगल्या एलसीडीपेक्षा कमी पडते.

खोलीचा उजेड

यावरून ओएलईडी सर्वश्रेष्ठ असा निष्कर्ष निघेल. पण त्यापूर्वी एक साधे गणित करून पाहणे हितावह ठरेल. दोन संचांच्या पांढऱ्या भागाचे तेज दर चौरस मीटरला ३०० कँडेला आहे असे समजू. ओएलईडीच्या काळ्या भागाचे तेज शून्य, आणि ३००० गुणोत्तराच्या एलसीडीचे ०.१ कँडेला. आता खोलीत दिवा लावला व पडद्यावर १०० लक्स प्रकाश पडला. त्यातील दोन टक्के जरी पडद्यावरून विखुरला, तरी दोन्ही पडद्यांच्या तेजात सुमारे ०.६ कँडेलाची भर पडते. ओएलईडीचे अमर्याद गुणोत्तर उतरून सुमारे ४७० होते आणि एलसीडीचे सुमारे ४००. अंधारातील प्रचंड अंतर एका दिव्याने जवळजवळ पुसून टाकले! याच खोलीत प्रक्षेपकाचा पांढरा पडदा सुमारे ३० कँडेला तेज परत फेकतो. प्रक्षेपकाचे स्वतःचे तेज ५० कँडेला धरले तर गुणोत्तर अवघे पावणेतीनाच्या आसपास उरते.

म्हणून दिवसा, उघड्या खिडक्यांच्या बैठकीत बातम्या व क्रिकेट पाहणाऱ्या घरास तेजस्वी एलसीडी पुरेसा असतो. रात्री दिवे मालवून चित्रपट पाहणाऱ्यास ओएलईडीची जादा किंमत सार्थकी लागल्यासारखी वाटेल. ज्याच्याजवळ पूर्ण अंधार करता येण्याजोगी खोली आहे, त्यानेच प्रक्षेपकाचा विचार करावा. कुटुंब मोठे असून काही जण नेहमी बाजूला बसत असतील, तर बाजूने चित्र कसे दिसते हे आधी तपासावे.

चित्रबिंदूंच्या संख्येचाही असाच विचार करावयास हवा. निरोगी डोळा साधारणतः एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातील दोन बिंदू वेगळे ओळखू शकतो. ५५ इंची पडद्याची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर असते. त्यावर आडवे १९२० बिंदू असल्यास सुमारे २.२ मीटरांपलीकडून ते वेगळे दिसत नाहीत. ३८४० बिंदू असल्यास हे अंतर १.१ मीटर होते. तीन मीटर दूर बसणाऱ्यास या दोहोंत विशेष फरक जाणवणार नाही.

खरेदीस निघण्यापूर्वी आसनापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजावे आणि संच ज्या वेळी अधिक पाहिला जातो त्या वेळी खोलीत किती उजेड असतो हे ध्यानात घ्यावे. दुकानात फुलांची व समुद्रकिनाऱ्यांची झगझगीत चित्रे दाखवितात, ती सर्वच पडद्यांवर सुंदर दिसतात. तेथे रात्रीचे एखादे दृश्य लावण्याची विनंती करावी, आणि ते प्रथम समोरून व नंतर बाजूला उभे राहून पाहावे.