मृगज द्रव्ये, मायक्रोचिप आणि औषधशाळांची कायदेशीर जबाबदारी

कस्तुरी व मृगशृंग ही आपल्या परंपरेतील महत्त्वाची जांगम द्रव्ये होत. कस्तुरीभैरव रस, मृगमदासव, मृगशृंग भस्म हे कल्प वैद्यांना परिचित आहेत. बंदिस्त पैदाशीच्या आणि मायक्रोचिप बसविलेल्या प्राण्यापासून मिळालेले द्रव्य वापरण्यास हरकत कोणती, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचा येथे विचार करू.

१) चिपचे स्वरूप व मर्यादा

तांदळाच्या दाण्याएवढ्या काचेच्या कुपीत बसविलेली ही चिप प्राण्याच्या त्वचेखाली सुईने सोडतात. तिला विद्युतघट लागत नाही. वाचकयंत्र जवळ नेताच ती आपला क्रमांक कळविते. आयएसओ ११७८४ व ११७८५ या मानकांनुसार हा क्रमांक पंधरा अंकी असतो. वन्यजीव व्यापारविषयक सायटीस कराराच्या सदस्य देशांनी १९९२ साली क्योतो येथे जिवंत प्राण्यांच्या खुणेसाठी या पद्धतीविषयी ठराव केला.

मात्र चिप ओळख पटविते ती प्राण्याची, द्रव्याची नव्हे. कस्तुरी काढून घेतली की चिप प्राण्याच्या शरीरातच राहते. बाटलीतील द्रव्य कोणत्या प्राण्याचे, हे सलग नोंदींवाचून सिद्ध होत नाही.

२) अन्य देशांतील व्यवस्था

न्यूझीलंडमध्ये २०१२ च्या कायद्यान्वये, १ मार्च २०१३ पासून, पाळीव हरणांच्या कानात इलेक्ट्रॉनिक बिल्ला लावून राष्ट्रीय नोंद करणे बंधनकारक झाले. तेथील कोवळी शिंगे पूर्व आशियातील पारंपरिक औषधांसाठी निर्यात होतात. चीनमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून कस्तुरीमृगांचे पालन सुरू असून नर न मारता कस्तुरी काढली जाते. या व्यवस्था त्या त्या देशाच्या कायद्यापुरत्या आहेत. तेथील बिल्ला वा लेबल भारतात परवाना ठरत नाही.

३) भारतीय कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार कस्तुरीमृग अनुसूची १ मध्ये आहे. कायद्यातील 'बंदिस्त प्राणी' या संज्ञेत बंदिस्त अवस्थेत जन्मलेला प्राणीही येतो. 'ट्रॉफी'च्या व्याख्येत शिंग व कस्तुरी यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि गळून पडलेले शिंग व मारून काढलेले शिंग असा भेद त्या व्याख्येत नाही. कलम ४९ब अनुसूचित प्राण्यांच्या वस्तूंच्या निर्मितीस व व्यापारास मनाई करते. म्हणून प्राणी पाळलेला होता, त्याला चिप होती, हा बचाव पुरेसा नाही.

कलम ५७ विशेष लक्षात ठेवावे. अशी वस्तू ताब्यात आढळल्याचे सिद्ध झाल्यास ताबा बेकायदेशीर असल्याचे गृहीत धरले जाते; तो कायदेशीर आहे हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. अनुसूची १ संबंधीच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षे कारावास असून, २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान दंड २५,००० रुपये आहे. वडिलोपार्जित साठा जाहीर करण्याची संधी २००३ च्या नियमांनी १८० दिवसांपुरती दिली होती. ती मुदत कधीच संपली आहे.

४) औषधशाळांनी पाळावयाची पथ्ये

अ) औषधनिर्मितीचा परवाना वा ग्रंथोक्त पाठ वन्यजीव कायद्यातून सूट देत नाही.

आ) औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम १६१ अन्वये लेबलवर घटकांची खरी यादी द्यावी लागते. प्रत्यक्षात नसलेली कस्तुरी लेबलवर छापणे ही ग्राहकाची फसवणूक. असलेली छापणे हा स्वतःविरुद्धचाच पुरावा.

इ) भावप्रकाशात वर्णिलेली लताकस्तुरी वापरल्यास ती त्याच नावाने नोंदवावी. ती वनस्पतिज असल्याने तिचे गुणकर्म कस्तुरीचेच आहेत असे समजू नये.

ई) जुन्या साठ्यात अशी द्रव्ये आढळल्यास ती विकू वा हलवू नयेत, कायदेतज्ज्ञाच्या सल्ल्याने वनविभागाशी संपर्क साधावा.

कस्तुरी फक्त प्रौढ नरापासून मिळते. पण शिकाऱ्याचा फासा नर, मादी वा पाडस पाहत नाही. द्रव्याचा मूळ स्रोतच नष्ट झाला तर ग्रंथातील पाठ केवळ वाचनापुरता उरेल. म्हणून या कायद्याचे पालन हे द्रव्यरक्षणाचेच अंग मानावे.